एकाचे सोवळे, दुसऱ्याचा जाच : 'स्मृतिचित्रे'तील भावना आणि ताण

गेल्या दोन-अडीच दशकांत महाविद्यालयांतून 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावरील कार्यशाळा नित्याच्या झाल्या आहेत. त्यांचा साचाही आता ठरून गेला आहे. ताण म्हणजे काय, त्याची शारीरिक लक्षणे कोणती, दीर्घश्वसन कसे करावे, वेळेचे नियोजन, सकारात्मक विचार, छंद, आणि शेवटी एक प्रश्नावली. अशाच एका कार्यशाळेत प्रश्नोत्तराच्या वेळी एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने विचारले होते की, घरातील एक माणूस ज्या रीतीने स्वतःचा ताण हलका करतो त्या रीतीचाच जर मला ताण होत असेल, तर तो मी प्रश्नावलीच्या कोणत्या रकान्यात लिहावा? प्रश्नाला हशा मिळाला, उत्तर मिळाले नाही. व्याख्याते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका साहित्यकृतीच्या आधारे करावयाचा आहे. ती कृती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मराठीच्या प्राध्यापकांना अपरिचित नाही. अन्य विद्याशाखांतील वाचकांनीही त्याचे उतारे शालेय पाठ्यपुस्तकांतून वाचलेले असतील. मात्र त्याची वाखाणणी बहुधा एकाच दिशेने होत आली आहे. सहजता, निर्मळ विनोद, निरागसता, बोलीभाषेचा गोडवा ही ठरलेली विशेषणे. ती खोटी नाहीत, पण त्यांनी एक नुकसान केले आहे. या पुस्तकात जे सोसले गेले ते या विशेषणांच्या आड गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते 'स्मृतिचित्रे' हे मनुष्य ताणाला कसा प्रतिसाद देतो याचे मराठीतील अत्यंत सूक्ष्म निरीक्षण आहे. आणि मानसशास्त्राच्या प्रचलित मांडणीत जी गोष्ट बराच काळ सुटून गेली ती, म्हणजे एकाचा ताणप्रतिसाद हाच दुसऱ्याचा ताण कसा बनतो ही, या पुस्तकाने नेमकी पकडली आहे.

प्रथम मानसशास्त्रीय मांडणीची थोडक्यात दखल घेणे आवश्यक आहे. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भय आणि क्रोध यांच्या वेळी शरीरात होणाऱ्या बदलांचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. लढा किंवा पळा ही प्रतिसादाची सुप्रसिद्ध जोडी त्यांच्याकडून आली. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, इजा कोणत्याही प्रकारची असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकाच घाटाचा असतो. इशारा, प्रतिकार आणि थकवा या त्याच्या तीन अवस्था आजही पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जातात. या दोन्ही मांडणींचा नायक एकटा आहे. तो पिंजऱ्यात आहे, आणि त्याच्या प्रतिसादाचा शेजारच्या पिंजऱ्यावर काय परिणाम होतो हा प्रश्न प्रयोगाच्या बाहेर राहतो.

रिचर्ड लाझारस यांनी ही चौकट बदलली. १९६६ मधील ग्रंथात आणि पुढे १९८४ मध्ये सुझन फोकमन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी ताण हा घटनेत नसून घटना आणि व्यक्ती यांच्या संबंधात असतो, असे प्रतिपादन केले. या घटनेने माझे काही बिघडणार आहे काय, आणि बिघडणार असेल तर माझ्या हाती काय आहे, असे दुहेरी मूल्यांकन माणूस करीत असतो. त्यानुसार तो एकतर समस्येला हात घालतो किंवा स्वतःच्या भावनेला. समस्याकेंद्री आणि भावनाकेंद्री या भेदाची उपयुक्तता वादातीत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही मांडणी जवळची वाटते, याचे कारण तिच्यात अर्थाला स्थान आहे. तरीही मूल्यांकन करणारे मन येथेही एकच आहे. १९९० नंतर गी बोडेनमान प्रभृतींनी जोडप्याने मिळून ताणाचा सामना करण्याचा विचार पुढे आणला, हे नमूद केले पाहिजे. पण तेथेही दोघांच्या हाती साधारण सारखी सत्ता आहे असे बहुधा गृहीत धरलेले दिसते. एकोणिसाव्या शतकातील नाशिककडच्या ब्राह्मण घरात ते गृहीत धरता येत नाही. आजच्या अनेक घरांतही येत नाही.

आणखी एका साधनाचा उल्लेख मोह आवरत नाही म्हणून करतो. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांना ताणाचे गुण देणारी सूची तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूस १००, घटस्फोटास ७३, वैवाहिक विभक्ततेस ६५, आणि चर्चमधील वावरात होणाऱ्या बदलास १९. पतीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्याची बातमी ज्या ब्राह्मण स्त्रीला कळते, तिने या सूचीत स्वतःला कोठे शोधावे? पती जिवंत आहे, म्हणून १०० नाहीत. तो सोडून गेला असेही नाही, त्याला ती हवीच आहे. उरले १९. सूचीची थट्टा करण्याचा हेतू नाही. ती ज्या समाजासाठी तयार झाली तेथे तिचा उपयोग झालाच. परंतु ताणाचे वजन घटनेला लावता येत नाही, ते घटनेभोवतीच्या माणसांत वाटलेले असते, ही गोष्ट या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावी.

नानांचे सोवळे

'स्मृतिचित्रे'चा आरंभ लक्ष्मीबाईंच्या जन्माने होत नाही, तो एका धसक्याने होतो. १८५७ च्या उठावानंतर कुटुंबातील एका जवळच्या वडीलधाऱ्या आप्ताला फाशी झाली, आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली गेली पाहिजे. मीठसुद्धा. मीठ धुतले तर त्याचे काय होते हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे, नानांनाही ठाऊक असणार. तरी ते धुतले जाते.

आजचा वाचक येथे लगेच एक वैद्यकीय नाव उच्चारतो. वर्गात हा भाग शिकविताना दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी 'ओसीडी' असे म्हणतोच. त्याला चूक म्हणता येणार नाही, पण तेवढ्यावर थांबणेही बरोबर नाही. पहिली गोष्ट अशी की, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान त्याच्या मुलीच्या आठवणींवरून करणे हे ना वैद्यकाला शोभते ना समीक्षेला. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. फाशीची घटना त्यांच्या जन्मापूर्वीची. जे त्यांनी लिहिले ते घरात ऐकलेले आहे, आणि कारण-परिणामाचा तो धागा घराने मिळून विणलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निदान झाले की आजार एका माणसाचा होतो, आणि त्या माणसाभोवतीचे घर नजरेआड होते.

नानांनी काय केले ते लाझारस यांच्या भाषेत पाहू. राजसत्तेने आपल्या माणसाला फासावर लटकविले. या घटनेपुढे नानांच्या हाती काय होते? काहीच नाही. ज्या सत्तेने घाव घातला तिच्यापुढे लढता येत नाही, आणि घर-मुलूख सोडून पळताही येत नाही. कॅनन यांच्या दोन्ही वाटा बंद. मग भय अशा एका क्षेत्रात सरकते जेथे नानांची सत्ता अबाधित आहे, ते म्हणजे स्वतःचे स्वयंपाकघर. इंग्रजाचा स्पर्श थोपविता येत नाही, बाजारातून आलेल्या मिठाचा थोपविता येतो. ही अदलाबदल नानांनी जाणून केली असे म्हणावयाचे नाही. परंतु तिच्यामुळे त्यांना जगता आले असावे, असे अनुमान करता येते. भावनाकेंद्री प्रतिसादाचे हे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरेल.

पण हे धुणे शेवटी करावयाचे कोणी? नानांचे भय हलके होते त्या प्रमाणात आईचे काम वाढते. लाकूडफाटा, धान्य, भाजी, भांडी, मुलांचे कपडे, सगळे पाण्यातून काढावयाचे. आणि पुन्हा कोठे विटाळ झाला तर पुन्हा सारे आरंभापासून. नाना घराबाहेर पडले की घर मोकळा श्वास घेते, अशी जाणीव हा भाग वाचताना होत राहते. घरातील मुले वडिलांची चाहूल ओळखू लागतात. कोणत्या वेळी कोणती गोष्ट दृष्टीआड करावयाची, काय बोलावयाचे नाही, हे त्यांना न शिकविता येते. एका माणसाच्या भीतीला सांभाळण्यासाठी संपूर्ण घर तरबेज झालेले असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. दुसऱ्याची मनःस्थिती सांभाळण्यासाठी स्वतःची भावना कामाला लावणे, असा तिचा ढोबळ अर्थ. ती वेतनाच्या संदर्भात होती. नानांच्या घरातील हे श्रम बिनवेतनी होते आणि त्यांना नावही नव्हते.

आणखी एक वर्तुळ याहून मोठे आहे. सोवळे हा नानांचा खासगी छंद नव्हता. ज्या भाषेत त्यांचे भय व्यक्त झाले ती जातिव्यवस्थेने तयार ठेवलेली भाषा होती. दुसऱ्या समाजात याच माणसाने कदाचित दारांच्या कड्या शंभर वेळा तपासल्या असत्या. येथे त्याला विटाळ सापडला. आणि विटाळाच्या दुसऱ्या टोकाला नेहमी माणसे असतात. राजसत्तेच्या भीतीचे रूपांतर अस्पृश्य मानलेल्यांच्या स्पर्शाच्या भीतीत होणे ही केवळ मानसशास्त्रीय घडामोड नाही. ज्यांनी नानांना काहीही केले नव्हते त्यांच्या सावलीवर त्या फाशीचा हिशेब चुकता होत होता. नानांबद्दल वाटणारी सहानुभूती येथे अडखळते, आणि ती अडखळलीच पाहिजे.

त्रास, त्रागा, धसका

येथे भाषेसंबंधी थोडे विषयांतर क्षम्य मानावे. 'ताण' हा शब्द आपण 'स्ट्रेस'साठी वापरू लागलो तो अलीकडे. दोरीचा, तारेचा, वस्त्राचा ताण आपल्याला ठाऊक होता. मनाचा ताण हा त्यावरून आलेला. त्यापूर्वी मराठी माणसाजवळ शब्द नव्हते असे नाही, उलट पुष्कळ होते आणि ते अधिक नेमके होते. घोर, धसका, जाच, चडफड, कुढणे, सोसणे, जीव टांगणीला लागणे, मन मारणे. यांतील बहुतेक शब्द दोन माणसांशिवाय उभे राहत नाहीत. जाच कोणाचा तरी असतो. घोर कोणाचा तरी लागतो. 'त्रागा' या शब्दाला तर प्रेक्षक हवाच. एकांतात संताप होऊ शकतो, त्रागा होत नाही. त्रागा करणारा स्वतःला त्रास करून घेतो, पण तो समोरच्याने पाहावा, हळहळावे, नमते घ्यावे यासाठी.

'त्रास' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांत त्रास आहे. चिंता, विषाद, आवेग, निर्वेद, उन्माद हेही त्याच यादीत. तेथे त्रास म्हणजे एकाएकी दचकविणारे भय, वीज पडावी तसे. मराठीत येता येता हा शब्द क्षणाचा न राहता रोजचा झाला. आता त्रास होत नाही, तो असतो. सुनेला सासूचा असतो, कारकुनाला साहेबाचा असतो. दचकण्याला जागा उरत नाही इतके भय नेहमीचे झाले की शब्दाचा अर्थ असा बदलत असावा. भाषाशास्त्रज्ञ यास दुजोरा देतील की नाही हा प्रश्न वेगळा; पण 'स्मृतिचित्रे'चा वाचक देईल.

टिळकांचे जाणे

लक्ष्मीबाई माहेरच्या एका ताणप्रतिसादातून सासरच्या दुसऱ्या ताणप्रतिसादात आल्या. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कवी, वक्ते, संस्कृतज्ञ. मनाने अत्यंत उदार आणि तितकेच उतावीळ. त्यांच्या अस्वस्थतेची रीत नानांच्या नेमकी उलट होती. नाना दार लावून घेत, टिळक दार उघडून निघून जात. न सांगता, केव्हाही. नोकऱ्या बदलल्या, गावे बदलली. राग चटकन येई आणि चटकन जाई. गेला की ते स्वतः मोकळे होत. घरातील वस्तू कोणा गरजूला देऊन टाकण्यात त्यांना जो आनंद होई तो खराच होता. त्या वस्तूची दुसऱ्या दिवशी घरात गरज असे हेही तितकेच खरे होते.

टिळक हे दुष्ट पती नव्हेत. या पुस्तकाचे बळच त्यात आहे. छळ करणाऱ्या माणसाबद्दल लिहिणे तुलनेने सोपे असते, तेथे वाचकाची सहानुभूती आयती मिळते. लक्ष्मीबाईंना लिहावे लागले ते एका प्रेमळ, बुद्धिमान, सत्यशोधक माणसाबद्दल, ज्याच्या सत्यशोधनाची किंमत घरात भरली जात होती. त्याचा शोध प्रामाणिक होता म्हणून ती किंमत कमी झाली नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी मिशनऱ्याने टिळकांना नवा करार दिला आणि पुढची वाट सुरू झाली, हा प्रसंग टिळकांच्या चरित्रात आध्यात्मिक प्रवासाचा आरंभ म्हणून येतो. त्याच घटनेचा दुसरा आरंभ लक्ष्मीबाईंच्या घरात झाला, आणि तो त्यांना कळला तोवर फार उशीर झाला होता.

धर्मांतराची बातमी आल्यानंतरच्या दिवसांचे वर्णन हा या पुस्तकाचा गाभा मानावा लागेल. पुढे सुमारे पाच वर्षे पती-पत्नीच्या आयुष्यात विलगपणा राहिला. जिला विधवा म्हणता येत नाही आणि सवाष्ण म्हणण्यास लोक कचरतात अशा स्त्रीची ती वर्षे आहेत. या काळात त्या आक्रोश करतात, आजारी पडतात, मरण मागतात, पतीवर संतापतात, त्याच्या पत्राची वाटही पाहतात. आणि कविता रचतात. टिळकांनीच त्यांना जेमतेम लिहा-वाचायला शिकविले होते. तेच शिक्षण आता त्यांच्याविषयीच्या दुःखाला उपयोगी पडले. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला की, आयुष्यातील क्लेशकारक अनुभवाविषयी विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहिले, तर पुढील महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी होतात. पुढे त्यांना असेही आढळले की, ज्यांच्या लेखनात कारण आणि उमज दर्शविणारे शब्द दिवसागणिक वाढत जातात त्यांना फायदा अधिक होतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा चार दिवसांचा प्रयोग जवळजवळ चाळीस वर्षे चालला, असे म्हणता येईल.

शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये असा मुद्दा उपस्थित केला की, लढा किंवा पळा ही जोडी ज्या प्रयोगांवर उभी आहे त्यांत पुरुष आणि नर यांचेच प्रमाण फार मोठे होते. स्त्रियांच्या प्रतिसादात मुलांना सांभाळणे आणि इतर स्त्रियांशी नाते जोडणे यांचा वाटा अधिक दिसतो. लहान दत्तूला छातीशी धरून आप्तांच्या घरी दिवस काढणाऱ्या लक्ष्मीबाईंकडे पाहता हे पटते. तरी एक शंका उरते. सांभाळणे हा स्त्रीचा प्रतिसाद आहे की तिच्या हाती ठेवलेला एकमेव पर्याय? टिळकांना पळण्याची वाट होती. लक्ष्मीबाई पळाल्या असत्या तर दत्तूला कोणी धरले असते? जैविक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत परिस्थितीचा भाग किती, हे प्रयोगशाळेत वेगळे काढणे कठीण असते. येथे तो भाग उघड दिसतो.

विनोदाचा काळ

आता विनोदाकडे. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, वारंवार हसतो, आणि हसण्याचे प्रसंग बहुधा तेच असतात जे प्रत्यक्षात भयंकर असले पाहिजेत. मीठ धुण्याचा प्रसंग हे त्याचे उत्तम उदाहरण. परंपरेने करुण आणि हास्य हे परस्परविरोधी रस मानले. एकाने दुसऱ्याचा भंग होतो, असे साहित्यशास्त्र सांगते. येथे तसा भंग होत नाही. का होत नाही, याचे उत्तर समीक्षकांनी लक्ष्मीबाईंच्या स्वभावात शोधले. त्या मूळच्याच आनंदी, निर्मळ, म्हणून दुःखातही हसल्या. हे उत्तर अपुरे आहे, इतकेच नव्हे तर ते थोडे अन्यायकारकही आहे. त्या दुःखात हसल्या नाहीत. दुःखात त्या रडल्या, किंचाळल्या. हसल्या त्या सांगताना.

घडण्याचा काळ आणि सांगण्याचा काळ यांतील हे अंतर लक्षात घेतले नाही तर पुस्तकाचा अर्थच बदलतो. बालपणीच्या प्रसंगांपासून लेखनापर्यंत सुमारे साठ वर्षे गेली आहेत, धर्मांतरापासून चाळीस, टिळकांच्या मृत्यूपासून पंधरा. मधल्या काळात त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या (१९००), टिळकांनी अर्धे सोडलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले. जेम्स ग्रॉस यांनी भावनांच्या नियमनासंबंधी केलेल्या अभ्यासात पुनर्मूल्यांकन आणि दमन असा भेद केला आहे. घटनेकडे पाहण्याची दृष्टी बदलणे हे पुनर्मूल्यांकन. वाटते ते चेहऱ्यावर येऊ न देणे हे दमन. ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांच्या १९९३ मधील प्रयोगात दमन करणाऱ्यांची भावना कमी झाली नाही, चेहरा मात्र शांत राहिला, आणि शरीरातील काही खळबळ उलट वाढली. आपल्याकडे सोसणाऱ्या स्त्रीचे जे कौतुक होते ते बव्हंशी दमनाचे कौतुक असते. लक्ष्मीबाईंना त्या कौतुकाच्या रांगेत बसविणे म्हणजे त्यांचे पुस्तक न वाचणे होय. त्यांनी काहीच दाबले नाही. तेव्हा आक्रोश केला, नंतर हसल्या, आणि दोन्ही लिहून ठेवले.

त्यांच्या हसण्याची एक खूण त्यांच्या संबोधनात आहे. संपूर्ण पुस्तकात त्या पतीचा उल्लेख 'टिळक' असा करतात. ज्या पिढीत पतीचे नाव घेणे वर्ज्य होते त्या पिढीतील स्त्रीने, वाचकासमोर, एखाद्या चरित्रकाराने करावा तसा हा उल्लेख केला आहे. मुळात टिळकांच्या आठवणी म्हणून सुरू झालेल्या लेखनाला तो शोभणाराही होता. पण त्या एका शब्दाने एक अंतर निर्माण झाले. 'टिळक निघून गेले' या वाक्यातला माणूस बाईंच्या आयुष्याचा मालक राहत नाही, तो त्यांच्या गोष्टीतला एक पात्र होतो. आणि पात्रावर हसता येते, प्रेमाने हसता येते.

या विनोदाला एक मर्यादाही आहे, ती नोंदविली पाहिजे. विनोद ज्याला शेवटी सांगण्याची संधी मिळाली त्याचाच असतो. नानांच्या घरातील आईला ती मिळाली नाही. लेकीने आईला प्रेमाने उभे केले आहे, पण ओले लाकूड फुंकताना आईच्या मनात काय चालले होते हे लेकीला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव तिने आणलेला नाही.

सोवळे सुटते

लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीजवळ आल्या तेव्हा आरंभी त्यांनी आपले सोवळे जपले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती वस्तीत राहून ब्राह्मण राहण्याची ही धडपड वरवर पाहता केवळ धर्मनिष्ठा वाटते. नानांचा भाग ताजा असेल तर वाचक थबकतो. आयुष्य हाताबाहेर गेले असता मुलगीही वडिलांच्याच साधनाकडे वळली होती. जे घरात जाच म्हणून पाहिले, तेच संकटात आधार म्हणून हाती आले. ताणाला प्रतिसाद देण्याच्या रीती माणूस पुष्कळदा अशा, न मागता मिळालेल्या वारशातून घेतो. वडिलांच्या रीतीला कंटाळलेला मुलगा संकटात वडिलांसारखाच दार आपटतो, हे कोणत्याही प्राध्यापक-निवासात पाहावयास मिळेल.

फरक पुढे पडतो. राहुरीच्या प्रवासात लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे चक्र सुरू होते. जात कोणी निर्माण केली, देवाने की माणसाने? पशूंत, पक्ष्यांत ती का नाही? आणि त्या एका निर्णयावर येतात की हा भेद माणसाचा आहे, म्हणून आजपासून कोणाच्याही हातचे चालेल. हा प्रसंग सामान्यतः धर्मांतराची पूर्वतयारी म्हणून, किंवा समाजसुधारणेच्या इतिहासातील पान म्हणून वाचला जातो. तो तसा आहेच. परंतु ताणाच्या दृष्टीने पाहता येथे आणखी काही घडले. वडिलांची रीत तिने सोडली ती मन शांत करण्याची एखादी चांगली युक्ती सापडली म्हणून नव्हे. ज्या समजुतीवर ती रीत उभी होती ती समजूतच तिने तपासली आणि ती टाकून दिली. पुनर्मूल्यांकन या शब्दात बसेल असे हे आहे, पण येथे मूल्यांकन बदलले ते स्वतःच्या दुःखाचे नव्हे, समाजाच्या रचनेचे. आणि त्याचा पहिला लाभ तिला झाला त्याहून अधिक तिच्या सोवळ्याने ज्यांना दूर ठेवले होते त्यांना झाला असावा.

ताणतणाव व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत असा प्रसंग कोठे बसवावा हे सांगणे कठीण आहे. तेथे गृहीत धरलेले असते की ताण कमी करण्याची प्रत्येक निरुपद्रवी वाटणारी रीत चांगलीच; करणाऱ्याला बरे वाटले की मोजमाप संपले. नानांना धुण्याने बरे वाटत असणार. प्रश्नावलीवर त्यांचे गुण सुधारलेही असते. विभागप्रमुख रागावून मोकळे होतात आणि खोलीतील चार माणसे दिवसभर जपून बोलतात, तेव्हा मोजमाप कोणाचे घ्यावयाचे? एखादा विद्यार्थी महिनाभर वर्गात येत नाही, त्याच्या घरातील कोणाची तरी अस्वस्थता तो सांभाळीत असतो. त्याला आपण दीर्घश्वसनाचा तक्ता देतो.

'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढचे लेखन त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केले. तोच दत्तू, ज्याला घेऊन त्या आप्तांच्या घरी राहिल्या होत्या. आईने ज्या वर्षांविषयी लिहिले त्या वर्षांत त्या मुलाने काय पाहिले, काय सोसले, याचा स्वतंत्र अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. पुरवणीतील निवेदन आणि आईचे निवेदन शेजारी ठेवून वाचले, तर त्याला आरंभ करता येईल.